कॅरेटच्या रंगाची शाई

हे समदं मी बोललोय. उतरवून घेतलंय माझ्या लेकीनं, घोडेगावात तिच्या घरी बसून. तवा ह्यात जे खुळ्यावानी वाटंल ते माझं आन् जे शानपनाचं वाटंल ते तिचं. साळंत मी बी गेलो व्हतो, न्हाई असं न्हाई. दुसरीपतूर. मंग गुरुजींनी आमच्या बाला बोलावून सांगितलं, "तुमचं पोरगं शेरडं लई झ्याक राखील." गुरुजींची पारख एकदम बरुबर निघाली.

जमीन आमची बोरी बुद्रुकला. टमाटं करतो. तोडा झाला का माल नारायणगावच्या मार्केटला. आता तिथली एक रीत सांगतो, कारण तिच्याबिगर पुढलं काय कळायचं न्हाई. माल घालायला पलास्टिकची कॅरेटं लागत्यात, ती आपली आपण न्यायची. माल इकला का व्यापारी कॅरेटासकट घेऊन जातो, आन् खाली कॅरेटं मागनं परत येत्यात. मार्केटात कॅरेटांचे डोंगर, समदी एकाच आईची लेकरं. म्हणून हरेकजण आपल्या कॅरेटावर ऑइलपेंटनं खूण करतो. खुणंचं कॅरेट कुणी ठेवून घेत न्हाई. आज ना उद्या, ह्या टेम्पोतनं त्या टेम्पोत करत, ज्याचं त्याच्या दारात येऊन पडतं. अख्खा पाऊसकाळ बाहेर काढून आलेलं कॅरेट मी बघितलंय.

बाकीची लोकं आडनावाचं पयलं अक्षर काढत्यात. आमची भावकी म्हंजी अर्धं गाव, समद्यांचं आडनाव एकच, तवा अक्षर काढून उपेग न्हाई. वर मला ते काढता बी येत न्हाई. बायको मला दहावी पास मिळाली. कशी मिळाली इचारू नका. सासऱ्यांना वाटलं, पोरगा एवढा बोलतोय तर थोडाफार शिकल्याला असंल. लगीन झाल्यावर पयल्याच तोड्याला माझी कॅरेटं दुसऱ्याच्या थप्पीत गेली आन् मी मार्केटात येड्यासारखा हिंडलो. ती म्हणाली, "अवं, अक्षर ऱ्हाऊ द्या. चित्र काढा." आन् काडीनं मातीत काढून दावलं. चंद्रकोर, तिच्या खाली एक टिंब. तिच्या कपाळावर जसं कुकू असायचं तसंच. रंग म्हणाल तर देवळाच्या रंगकामातनं उरलेला डबा घरात पडला व्हता. भडक गुलाबी. ती म्हणाली, "हा नको बाई, डोळ्यात घुसतोय." मी म्हणलं, "घुसू दे की. लांबनं दिसाया पायजे."

तेवढी एक खूण मला लिवता येती. वाचता बी तेवढीच येती.

दोन वर्सामागं तिच्या गळ्यात गाठ निघाली. तंबाखू मी खाल्ली जनमभर, गाठ तिला झाली. देवाच्या घरी बी कॅरेटं बदलत असतील. पुण्याला नेली, ऑपरेशन झालं, जीव वाचला. पर आवाज गेला. गळ्याला पुढनं भोक ठेवलं श्वासाला, आन् बोलणं बंद. डॉक्टर म्हणाले, बोलायचं मशीन मिळतं, गळ्याला लावायचं. तिथल्याच एका पेशंटनं ते लावून बोलून दावलं. तिनं तो पत्र्यावानी आवाज ऐकला आन् नको म्हणून मान हालवली.

आमच्या घरात बोलायचो मी, पर घर चालायचं तिच्या बोलण्यावर. मी धा शब्द बोलायचो, ती एक बोलायची, आन् व्हायचं तिच्या एकाप्रमाणं. आन् मी एखादा इनोद केला का ती चुलीपाशी हसायची, ते मला वट्ट्यावर ऐकू यायचं. मंग मी दुसरा करायचो. आता हसली का न्हाई ते आत जाऊन बघावं लागायचं. तिचे खांदे हालत असायचे, तोंडावर पदर, आवाज काय न्हाई. मला ते बघवायचं न्हाई, म्हणून बरेच दिस मी इनोद करणं सोडलं व्हतं. मंग तिनंच लिवून दिलं. वाचलं शेजारच्या भावजयीनं. "ह्यांना सांगा, मी मुकी झाली, ह्यांनी काय म्हणून व्हायचं?"

तर आता ती लिवायची, आन् मला वाचता येत न्हाई. लेक घोडेगावात, फोन माझा बटणाचा, चिठ्ठीचा फोटू धाडायची बी सोय न्हाई. देवानं जोडी जमवली ती अशी.

शेजारच्या घरात माझी चुलत भावजय. चिठ्ठी घेऊन मी तिच्याकडं पळायचो. पर भावजय चिठ्ठी वाचायची ती आपल्या पदरचं घालून. चिठ्ठीत दोनच वळी, आन् ही बाई वाचती वाचतीच. मला वाचता येत न्हाई, वळी तर मोजता येत्यात.

म्हणलं, "वहिनी, एवढं हाय का ह्यात?"

"भावजी, लिवलंय थोडं. मन लई मोठं हाय तिचं."

"त्या मनात तुमच्या बांधाचं भांडण बी हाय का?"

"ते बी हाय," म्हणाली.

दुसरा वाचणारा आमचा टेम्पोवाला, वारूळवाडीचा. माल न्यायला यायचा. तो वाचायचा ते सरळ, पर त्याचा आवाज म्हंजी डिझेल इंजिन. 'अवं, दूध उतू गेलंय, आत या' हे बायकोचं बोलणं मला त्याच्या घोगऱ्या आवाजात ऐकायला लागायचं. मंग मी बी त्याला म्हणायचो, "आलो गं."

आता शाईचं. ऑपरेशनात तिच्या मानंची कसली तरी शीर गेली, तवापासून उजवा खांदा पडला. बॉलपेन दाबावं लागतं, ते तिला जमंना. दोन अक्षरं लिवली का हात दुखायचा. मंग तिनं ट्रंकेतनं आपलं साळंतलं शाईपेन काढलं. त्याला दाबायला लागत न्हाई, नुसतं टेकवलं का शाई पळती. पेन धुतलं, पुसलं, आन् खुणंनं मला सांगितलं, शाई आणा.

मी नारायणगावात दुकानात गेलो. म्हणलं, "शाई द्या."

दुकानदार म्हणाला, "कुठला कलर?"

खरं तर साधी निळी आणायची. साऱ्या दुनियेची शाई निळीच असती. पर मला काय ठाऊक? मला आजवर रंग घ्यायचा म्हंजी कॅरेटाला घ्यायचा. मी म्हणलं, "लांबनं दिसंल असा."

तो माझ्याकडं बघाया लागला. "पावणं, पेनात घालायचीय ना?"

"पेनातच. पर लांबनं दिसाया पायजे."

त्यानं निळी काढली, काळी काढली. मी म्हणलं, ह्या अंधारात दिसायच्या न्हाईत. मंग मागनं एक बाटली काढली, धूळ पुसली आन् टोपण उघडलं. आत आमच्या कॅरेटचा रंग. तसाच. नुसता पातळ केल्याला. मी म्हणलं, "हीच."

"लिवून बघा आधी," म्हणाला. "नंतर परत घेत न्हाई." पेन बुडवून माझ्या हातात दिलं आन् कागद पुढं सारला.

शेजारी दोन कालेजच्या पोरी वह्या घेत उभ्या. पेन धरलं ते खुरप्यासारखं. पर हात मागं घेतला तर समद्यांना कळंल. मंग काढली चंद्रकोर आन् खाली टिंब. कागदावर ती अशी पेटली राव, एकदम गुलाल. बैलगाडा शर्यतीत पयल्या आलेल्या बैलाच्या पाठीवर असतो ना, तसा.

दुकानदार म्हणाला, "ही सही का?"

म्हणलं, "हा. बँकेत बी हीच चालती." पोरी हसल्या. मी बी हसलो. बँकेत मी अंगठा देतो.

त्या गडबडीत शाई अंगठ्याला लागली. टेम्पोवाल्यानं लांबनंच बघितलं. "काय भाऊ, गुलाल कसला? निवडून आला काय?"

"आरं, मी नव्हं. वहिनी तुझी. आजपासनं तीच बोलणार."

घरी आलो. तिनं बाटली उघडली, आत बघितलं, मंग माझ्याकडं, मंग परत बाटलीत. आन् खांदे हालाया लागले. एवढे हालले का मला वाटलं गळ्याच्या नळीला काय व्हतंय. डोळ्याला पाणी आलं तिच्या. मंग पेनात शाई भरली आन् लिवलं. गेलो पळत भावजयीकडं. त्या दिशी मातर तिनं पदरचं काय घातलं न्हाई. "शाई आणाया पाठवलं, ह्यांनी गुलाल आणला. आता माझं बोलणं गावाला लांबनं दिसंल."

आन् दिसायचं. हातात गुलाबी कागुद घेऊन मी निघालो का लोकं म्हणायची, सरका रस्त्यातनं, वरनं हुकूम आलाय. मला बरं वाटायचं. तिचा आवाज गेला व्हता, पर ती बोलली का सगळ्यांना कळत व्हतं.

एकदा मातर एक कागुद तिनं लगोलग दिला न्हाई. घडी घालून हातात धरून बसली. मी म्हणलं, "दे की." दिला. भावजय रानात व्हती. टेम्पोवाला कॅरेटं भरून निघायच्या बेतात, इंजिन चालू. म्हणलं, "वाच रं, काय म्हणती सरकार."

त्यानं घडी उघडली. मोठ्यानं सुरू केलं, "अवं, मला..." आन् थांबला. मंग हात खाली घालून इंजिन बंद केलं. सगळीकडं एकदम शांत झालं. आन् त्या घोगऱ्या आवाजात, हळू, मान खाली घालून त्यानं वाचलं. "अवं, मला लई भ्या वाटतं. गाठ परत आली असं वाटतंय. तुमी हसवता म्हणून मी हसते, पर मला जरा जवळ बसा, काय बोलू नका."

कागुद घडी घालून त्यानं माझ्या खिशात घातला. म्हणाला, "भाऊ, हे मी वाचाया नव्हतं पायजे."

तो माझ्या डोळ्यात बघंना, मी त्याच्या बघंना. नवरा-बायकोतलं बोलणं, आन् मधी टेम्पो. मी आत गेलो, तिच्याजवळ बसलो, आन् माझ्या तोंडातनं काय निघावं? "टेम्पोवाला म्हणतोय, त्याला बी भ्या वाटतंय." तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मंग गप बसलो. लई येळ बसलो. तिच्या बोटाची शाई माझ्या मिशीला लागली, ती नंतर गायीला पाणी पाजताना बादलीत दिसली.

त्या दिसापासनं माझ्या डोक्यात एकच बसलं. हिचं एक तरी बोलणं मला थेट कळाया पायजे. मधी भावजय नको, टेम्पो नको. लई न्हाई, एकच. म्हणलं, "मला वाचाया शिकीव."

शिकवणं सुरू झालं. ती गुलाबी शाईनं मोठं अक्षर काढायची, मी त्याच्यावरनं बोट फिरवायचो. क आला. म आला. ल आला तवर क गेला. माझ्या डोक्यात जागा एका कॅरेटाची, वर ठेवलं का खालचं दबतं. ती रागवायची न्हाई. परत काढायची. कधी तिला झोप लागायची अक्षर काढता काढता, आन् त्या अक्षराला लांब शेपूट फुटायचं. मी ते शेपूट बी गिरवायचो. मला वाटायचं, ते बी अक्षरातच हाय.

वाक्यापतूर मी पोचलो न्हाई. त्याआधी गाठ पोचली. तिला वाटलं व्हतं ते खरं निघालं.

परत पुण्याला. ह्या बारीला लेक बी संगं राहिली. डॉक्टर चांगले व्हते, लपवून काय ठेवलं न्हाई. म्हणाले, हातात आता फार काही राहिलं नाही, पण इथं ठेवलं तर थोडे दिवस वाढतील. लेक म्हणाली, ठेवू. मी म्हणलं, ठेवू. कोण म्हणंल न्हाई ठेवू? तिला कुणी इचारलं न्हाई. इचारणार कसं, हात बी उचलत नव्हता. नाकात नळी, पोटात नळी, दोरीनं बांधलेल्या टमाट्याच्या रोपासारखी उभी-आडवी बांधल्याली.

एक दिस दुपारच्याला तिनं बोटं हालवली. लेकीला वाटलं पाणी. मला कळलं पेन. तेवढं आता माझ्या ध्यानात बसलं व्हतं. पेन तिच्या हातात धरलं, खाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा. पेन गळत व्हतं, तिचं पयलं बोट समदं गुलाबी झालं. तिनं टेकवलं. वळवलं. थांबली. परत वळवलं. मंग पेन उचललं आन् खाली एक टिंब दिलं.

लेक म्हणाली, "आप्पा, ही तर आपल्या कॅरेटची खूण. आईला कॅरेटं आठवली का? आई, अगं, कॅरेटं सगळी घरी आलीत. काळजी करू नको."

तिनं मान हालवली. न्हाई. आन् माझ्याकडं बघितलं. मंग तो पुठ्ठा बोटानं ढकलत ढकलत आपल्या छातीवर नेला, आन् त्याच्यावर हात ठेवून पडून राहिली.

मला वाचता आलं.

जलमात पयल्यांदा तिचं लिवल्यालं मी थेट वाचलं, आन् ते हे. ज्याच्यावर आपली खूण, ते आपल्या दारात परत आलं पायजे.

लेकीला सांगितलं, "ती घरी ने म्हणती." लेकीनं परत एकदा छातीवरच्या त्या पुठ्ठ्याकडं बघितलं आन् भिताडाकडं तोंड केलं. आता मी डॉक्टरांपुढं जाऊन नीट बोलायचं का न्हाई? बोललो काय, "सायेब, आमचा माल परत न्यायचाय." डॉक्टरांना काय कळंना. मंग लेकीनं येऊन सांगितलं.

अँब्युलन्सनं आणली. पडवीत खाट टाकली, तिथनं अंगणातली कॅरेटांची थप्पी दिसायची. गुलाबी चंद्रकोरी एकावर एक. तिनं एकदा त्या थप्पीकडं बघितलं, आन् माझ्याकडं बघून एक खांदा हालवला. एकच, चांगला व्हता तो. इनोद मी केला नव्हता, तरी हसली. कशाला हसली ते इचारायचं राहिलं.

ती थोडे दिस व्हती. मी जवळ बसायचो. बोलायचो न्हाई. मला ओळखणाऱ्याला हे खोटं वाटंल, पर लेक साक्षीला हाय. एका सकाळी डेरीला दूध घालून आलो, खाटंवर टेकलो, तिचा हात हातात घेतला, आन् थोड्या येळानं कळलं का मी एकटाच बसलोय.

बायकांनी आंघोळ घातली. सवाष्ण गेली, तवा हळद-कुकू, हिरवं लुगडं, समदं. मी बाहेर थप्पीला टेकून उभा. आतनं भावजयीचा आवाज, "ह्या बोटाची शाई निघंना गं." साबण लावला, लिंबू लावलं. भावजय बाहेर आली, डोळे सुजलेले. म्हणाली, "भावजी, बोट गुलाबीच राहिलंय. असं डागाचं नसत्यात धाडत. घासणी घेऊ का?"

म्हणलं, "नको. राहू द्या."

"लोकं काय म्हणतील?"

"म्हणू द्या. मला खुळा म्हणायची त्यांना सवय हाय."

भावजय माघारी फिरली. मंग आत जाऊन म्हणाली, "राहू द्या, त्यांनीच सांगितलंय." का सांगितलंय ते मी बोललो न्हाई. गुलाल टाकला लोकांनी तिच्यावर, रीतीप्रमाणं. त्यात बोट दिसंनासं झालं. पर मला ठाऊक व्हतं, खाली हाय.

बाटलीत शाई अजून हाय. घट्ट झालीया, तळाला बसलीया. मधी थोडं पाणी घालून बघितली कागदावर. लेकीनं क काढून दिला, मी गिरवला. फिकी आली.

ह्या हंगामात परत टमाटं लावलं. पयल्या तोड्याच्या दिशी टेम्पोवाला आला. हल्ली तो आमच्या दारात आला का इंजिन बंद करतो. कॅरेटं भरून झाली, तसं त्यानं मागनं एक जुनं, कड तुटल्यालं कॅरेट काढलं. चंद्रकोर उन्हानं पांढरी पडल्याली, टिंब तेवढं गुलाबी राहिल्यालं.

"घ्या भाऊ," म्हणाला. "मार्केटात सापडलं. गेल्या सालचं दिसतंय. तुमचं एक राहिलं व्हतं."

मी घेतलं. खाली ठेवलं. आन् तो टेम्पोत बसला तवा उगंच मागं जाऊन, वाकून, आत बघितलं. आनखी काय राहिलंय का.